अंगणवाडीच्या कामाच्या नोंदी: राखेच्या विटा, पीपीसी आणि एक ‘किंवा’

६ जानेवारी २०२५

नोंदी ठेवायचं कारण एकच. मागच्या वर्षी एका कामात "तेव्हा काय ठरलं होतं" यावर तीन माणसांच्या तीन गोष्टी निघाल्या आणि सही फक्त माझी निघाली. म्हणून यावेळी पहिल्या दिवसापासून लिहून राहिली.

काम छोटंच आहे. एका खोलीची अंगणवाडी, बाजूला स्वयंपाकघर, संडास, पुढे ओटा. अंदाजपत्रक करायला घेतलं म्हणजे काय, तर ऑपरेटर पोरानं मागच्या वर्षीची फाइल उघडली, गावाचं नाव बदललं आणि म्हणे मॅडम झालं. वाचून पाहिलं तर वीटकामाच्या आयटमला "पक्क्या भाजलेल्या मातीच्या विटा" आणि काँक्रीटला "ओपीसी ४३ ग्रेड", म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणालेच माहीत नाही. फाइलीतून फाइलीत आलं.

९ जानेवारी

औष्णिक वीज केंद्राच्या राखेबद्दल केंद्राची अधिसूचना आहे. पहिली अधिसूचना सप्टेंबर १९९९ ची, म्हणजे मी पाळण्यात होती तेव्हाची. २०१६ च्या दुरुस्तीत १०० किलोमीटरचे ३०० किलोमीटर झाले, आणि ३१ डिसेंबर २०२१ ला नवी आली. तिच्यात सरळ आहे की वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत इमारत बांधणाऱ्या सगळ्यांनी, त्यात आपल्यासारख्या स्थानिक संस्था पण आल्या, राखेच्या विटा किंवा राखेचीच दुसरी उत्पादनं वापरायची. अट एकच, दुसऱ्या मालापेक्षा महाग पडायला नको.

मी सहज मोबाइलवर नकाशा उघडून गोल काढले. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा, पारस, नांदगाव पेठ. विदर्भातलं एकही गाव बाहेर राहात नाही, पार भामरागड धरलं तरी. म्हणजे हा नियम आपल्याकडे अपवाद नसून रोजचाच असायला पाहिजे होता.

डेप्युटी इंजिनिअर साहेबांना दाखवलं. साहेब वाईट माणूस नाही, ऐकतात. पण म्हणाले, "बरोबर आहे, पण ऑडिटवाला विचारेल दर कुठून घेतला." दरसूचीत फ्लायअ‍ॅश विटांचा, म्हणजे राखेच्या विटांचा, आयटम आहेच, ते पान काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले तीन कोटेशन आण, महाग नाही हे कागदावर दिसू दे.

१५ जानेवारी

कालचा तीळगूळ डब्यात घेऊन वीट कारखान्यावर गेली. आमच्यापासून ६२ किलोमीटर, वीज केंद्राच्या रस्त्यावर. कारखाना म्हणजे टिनाचं शेड, एक मोठं गोल मिक्सर ज्यात दोन जड चाकं फिरून राहतात, पट्टा आणि दाबाची मशीन. राख, क्रशरची चुरी, सिमेंट, थोडं पाणी. मिश्रण हातात घेऊन मूठ दाबली तर लाडू झाला आणि हात ओला नाही झाला. मालक म्हणाला, "एवढंच पानी पायजे मॅडम, जास्त झालं का वीट पाटीवरच बसते."

भट्टी नाही, जाळ नाही, धूर नाही. सगळी ताकद पाण्यातून येते. लाकडी पाट्यांवर विटा काढतात, दुसऱ्या दिवशी थप्पी लावतात आणि मग दोन-तीन आठवडे पाणी मारत राहायचं, वर ओलं पोतं. मी विचारलं थप्पीवर तारीख काऊन नाही? तो हसला. "लिवतो जी, पावसात पुसते." जानेवारीत पाऊस!! तेव्हाच डोक्यात घंटी वाजायला पाहिजे होती.

दर: कारखान्यावर ५ रुपये २० पैसे, गाडीभाडं धरून साइटवर साडेसहाच्या आसपास. आमच्याकडे भट्टीची वीट साडेसातला पडते. म्हणजे महागाईचा प्रश्नच मिटला. त्याची अडचण वेगळीच आहे. सरकारी कामाचा ठेकेदार माल उधार नेतो, बिल निघालं की देतो म्हणतो आणि बिल निघता निघता पावसाळा येतो. "प्रायवेटवाला रोख देते. मंग चांगली वीट कोनाले देऊ?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, तीळगूळ दिला.

२१ जानेवारी

तुलनेसाठी भट्टीवर पण गेली, नाहीतर म्हणतील एकतर्फी केलं. भट्टीवाल्या भाऊंना आधीच खबर लागलेली. चहा पाजला आणि मग बोलले, "मॅडम, ती राखेची वीट पान्यात इरघळते." नाही विरघळत म्हटलं. "मंग माया भट्टीवर चाळीस मानसं हायेत, ते कुठी जातीन?" आता यावर काय बोलणार. त्यांची वीट खरंच चांगली आहे, दोन विटा एकमेकीवर वाजवल्या तर टण्ण आवाज. पण नदीकाठची पोयट्याची माती, जिच्यात चांगलं पीक आलं असतं, ती दरवर्षी हातभर खाली जाऊन राहिली, आणि भाजायला दगडी कोळसा लागतो तो वेगळाच. वीज केंद्रात कोळसा जाळून राख आधीच तयार होऊन पडली आहे, ती सोडून आपण वीट भाजायला परत कोळसा जाळतो. हे त्यांना नाही बोलली, त्यांचा चहा पीत होती.

३ फेब्रुवारी

तांत्रिक मान्यता मिळाली. पण कागद हातात आल्यावर पाहिलं तर आयटममध्ये माझं वाक्य बदललेलं. मी लिहिलं होतं "फ्लायअ‍ॅश विटांचे बांधकाम". आता आहे "मातीच्या किंवा फ्लायअ‍ॅश विटांचे बांधकाम". साहेब म्हणाले, अगं स्पर्धा नको का व्हायला, एकच माल टाकला तर तक्रार येते.

‘किंवा’ म्हणजे काय हे साहेबांनाही माहीत आहे आणि मलाही. ‘किंवा’ लिहिलं की निवड ठेकेदाराची, आणि ठेकेदार त्याच्या ओळखीच्या भट्टीतून उचलणार. माझी चूक एवढीच की सहीला जाण्याआधी शेवटची प्रत वाचली नाही. शुद्धिपत्रक काढायचं म्हटलं तर पंधरा दिवस जातात आणि मार्च तोंडावर आहे. सोडून दिलं. मनातून नाही सुटलं.

रात्री वाचत बसली होती, बाहेर हे कसं करतात. कॅलिफोर्नियात २०१७ ला कायदा केला, सरकारी कामाला लागणारं स्टील, सळई, काच, इन्सुलेशन यांच्या उत्पादकानं आपल्या मालाचं कार्बनचं प्रमाणपत्र द्यायचं आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तरच सरकार घेणार. नावाने नाही, आकड्याने माल निवडायचा. मजा म्हणजे सिमेंट-काँक्रीट त्या यादीत घेतलंच नव्हतं. म्हणजे ‘किंवा’ तिकडे पण असतातच, फक्त दिसायला वेगळे.

२४ फेब्रुवारी

टेंडर उघडलं. १७ टक्के कमी दराने गेलं. ठेकेदार तरुण आहे, स्वतः डिप्लोमा केलेला, बोलायला बरा. मी पहिल्याच भेटीत आकडे मांडले: साधारण साडेचौदा हजार विटा, विटेमागे एक रुपया. त्याने मोबाइलवर गुणाकार केला आणि म्हणाला, "मॅडम १७ टक्के बिलो घेतलं, मले तर रुपया पायजेच." म्हणजे ‘किंवा’ असूनही राखेची वीट येणार. पर्यावरणानं नाही, बिलोनं आणली. चालते.

११ मार्च

पाया खोदला. काळी माती, उन्हाळ्यात एवढ्या भेगा की टेप आत गेला तर बाहेर काढता नाही येत. पावसाळ्यात हीच माती फुगून भिंती उचलते, म्हणून पूर्ण खोदून पक्क्या मुरमापर्यंत गेलो, आणि वरचा भराव पण बाहेरचा मुरूम आणूनच. यात कार्बन वगैरे काही नाही, पण इथे चूक झाली तर पाच वर्षांत इमारत पाडून नवी बांधावी लागते, आणि दोनदा बांधलेली अंगणवाडी कोणत्याच हिशोबात बसत नाही.

साइटवर सिमेंट पाहिलं. पोत्यावर पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट. मुनशीच्या रजिस्टरमध्ये ओपीसी. विचारलं हे काय? "मॅडम, तालुक्याच्या दुकानात पीपीसीच भेटते, ओपीसी ऑर्डर द्या लागते. पन तुमच्या आयटममध्ये ओपीसी हाय, म्हून तसं लिवलं." किती वर्षांपासून असं लिहून राहिले? तो काही बोलला नाही.

म्हणजे आमच्या भागात कमी कार्बनचं सिमेंट आधीपासूनच वापरून राहिले, फक्त कागदावर खोटं बोलून! पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख असते, तेवढी क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून केलेला सिमेंटचा मूळ माल, कमी. आणि सिमेंटचा खरा कार्बन क्लिंकरमध्येच आहे. चुनखडी १४५० अंशाला भाजतात तेव्हा इंधनाचा धूर तर होतोच, पण दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो अर्ध्याहून जास्त. तो कोळसा बदलून, सोलर लावून काहीच कमी होत नाही. क्लिंकर कमी वापरणं हाच सरळ रस्ता. मी ढोबळ हिशोब केला: आपल्या कामाला २६० पोती, १३ टन. ३० टक्के राख धरली तर चार टन क्लिंकर वाचते, म्हणजे तीन-सव्वातीन टन कार्बन डायऑक्साइड. एका खोलीच्या अंगणवाडीत. आणि रजिस्टरमध्ये याची नोंद शून्य.

मुनशीला सांगितलं रेघ मारून खरं लिही. साहेबांकडे बदलाचा प्रस्ताव पाठवला. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, आरसीसीला पीपीसी चालतं हे छापलेलं आहे, त्या पानाची झेरॉक्स जोडली.

१७ मार्च

पीपीसीला साहेबांची मंजुरी आली. "पाणी मात्र नीट मारा" एवढा शेरा.

१९ मार्च

आज डोकं फिरलं. विटांची पहिली गाडी आली, तीन हजार. उतरवतानाच कोपरे पडून राहिले. मिस्त्री काकांनी दोन विटा वाजवल्या, मडक्यासारखा भद्द आवाज. काका मोठ्याने बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी म्हनलं होतं ना बाप्पा, राख ते राखच." गाव जमलं. भट्टीवाले भाऊ पण योगायोगाने तिथूनच जात होते म्हणे.

एक वीट घेऊन इलेक्ट्रॉनिक काट्यासाठी किराणा दुकानात गेली. कोरडी: २ किलो ८६०. आता बादलीत टाकून ठेवली आहे २४ तास. दुकानदार म्हणाला मॅडम वीट पन विकता का आता.

२० मार्च

ओली वीट पुसून वजन: ३ किलो ५६०. म्हणजे ७०० ग्रॅम पाणी प्याली, साडेचोवीस टक्के. मर्यादा २० ची आहे. हा काही प्रयोगशाळेतला आकडा नाही, तिथे ओव्हनमध्ये वाळवतात, पण एवढा फरक किराण्याच्या काट्याचा नसतो. पाच विटा रीतसर प्रयोगशाळेत पाठवल्या आणि गाडी परत लावायला सांगितली.

ठेकेदार चिडला, साहजिक आहे, भाडं त्याच्या डोक्यावर बसलं. कारखान्याला फोन लावला तर मालक आधी नाही नाही म्हणाला, मग निघालं की ही थप्पी सहा दिवसांची होती. सहा दिवस! जुना माल प्रायवेटवाल्यानं रोख देऊन उचलला आणि आमच्या उधारीला कच्चा पाठवला.

विटेचा दोष नाही हे मला माहीत आहे. पण गावात आता "राखेची वीट फेल झाली" एवढंच उरलं. कच्ची मातीची वीट आली असती तर लोक म्हणाले असते भट्टीवाल्यानं फसवलं. इथे मालकाचं नाव कोणी घेत नाही, राखेचंच घेतात.

२ एप्रिल

प्रयोगशाळेचा रिपोर्ट: सरासरी ताकद चौरस मिलिमीटरला ५.२ न्यूटन, आपण मागितली ७.५. पाणी शोषण २३ च्या वर. नापास.

मधल्या काळात मार्च एंड होता. सगळं ऑफिस बिलात बुडालेलं, रात्री अकरापर्यंत मोजमाप पुस्तिका. या कामाचं काही निघालं नाही कारण दाखवायला जोत्याच्या वर काही नव्हतंच. पाडव्याला पण साइट बंद.

ठेकेदारासोबत बसून नवं ठरवलं. विटा कारखान्यातच निवडायच्या, आपण पेंटने थप्पीवर तारीख टाकायची, २१ दिवस झाल्याशिवाय गाडी भरायची नाही, आणि ठेकेदारानं अर्धे पैसे आधी द्यायचे. हे शेवटचं मी बोलू शकत नाही कारण ते माझं खातं नाही, पण तो स्वतःच तयार झाला. पोरगं समजदार आहे.

१२ एप्रिल

दुसरी गाडी. टण्ण. काकांनी वाजवली, काही बोलले नाहीत, दुसरी वाजवली, मग तंबाखू मळायला बसले. माझ्यासाठी एवढं पुरे.

बांधताना सांगायच्या गोष्टी. मातीची वीट हौदात बुडवून ठेवतात, ही नाही बुडवायची, वरून फक्त पाणी शिंपडायचं, नाहीतर भिंत वाळताना आकसते आणि बारीक चिरा पडतात. कॉलम आणि विटेच्या सांध्यावर प्लास्टरच्या आधी कोंबडी जाळी. काकांनी पहिल्या दिवशी सवयीनं शंभर विटा हौदात टाकल्याच, काढायला लावल्या. पण माप एकसारखं असल्यामुळे मसाला कमी लागून राहिला, हे त्यांनीच संध्याकाळी सांगितलं. "रेघ पा मॅडम, दोरीची गरज नाई."

सळई पण आली, जालन्याकडची. केंद्रानं डिसेंबर २०२४ मध्ये हिरव्या पोलादाची व्याख्या केली, टनभर पोलाद करताना २.२ टनापेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सुटत असेल तर हिरवं, आणि जितकं कमी तितके तारे, तीन ते पाच. सहज दुकानदाराला विचारलं याला किती स्टार. तो म्हणाला, "स्टार फ्रिजवर राह्यते ना जी?" टेस्ट सर्टिफिकेट दिलं, त्यावर हीट नंबर, ताकद, वाकवण्याची चाचणी सगळं आहे, सळई करताना किती कार्बन डायऑक्साइड सुटला याची एक ओळ नाही. तो काय करणार, आम्ही टेंडरमध्ये मागितलं तर कारखान्यातून येईल ना.

२३ एप्रिल

ऊन. पारा ४५ च्या पुढे जाऊन राहिला. स्लॅब पहाटे चारला सुरू केला, साडेनऊला संपवला. कमी कार्बनचा माल घेतला की पाण्याचा हिशोब बदलतो हे कोणी अंदाजपत्रकात लिहित नाही. साध्या सिमेंटला गारव्यात सात दिवस पाणी पुरतं, पण राखेवालं सिमेंट हळू पिकते, अशा उन्हात १४ दिवस ओलं ठेवा लागते. आणि गावात टँकर दिवसाआड.

सरपंच ताईंनी सरळ विचारलं, "बायका गुंडं घेऊन उभ्या राह्यतीन आन तुमी छतावर पानी सांडसान?" बरोबर होतं त्यांचं. मग शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीचं पाणी घेतलं, ठेकेदारानं मोटरच्या बिलाचे पैसे दिले, स्लॅबवर मातीची आळी करून पाणी अडवलं आणि भिंतींना पोती. आळ्यातलं पाणी दुपारी हात घातला तर चहासारखं गरम.

३० एप्रिल

सात दिवसांचे क्यूब, म्हणजे स्लॅबच्या काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे: सरासरी ताकद १२.४. साहेबांचा फोन, "एम २० ला तेरा-चौदा तर पाहिजे ना गं?" पीपीसी आहे साहेब, उशिरा चढते. "चढलं नाही तर?" मी म्हटलं चढेल. फोन ठेवल्यावर पोटात गोळा. आधार १४ दिवस काढायचे नाहीत म्हणून ठेकेदाराला लेखी दिलं, त्याला सेंट्रिंगच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या होत्या, दोन दिवस बोलला नाही.

२१ मे

२८ दिवसांचे क्यूब: २५.१, एम २० ला २० पाहिजे. पास. साहेबांना पाठवलं, त्यांनी अंगठा पाठवला.

अवकाळी पाऊस झाला रात्री. सकाळी जाऊन बघितलं, प्लास्टर न झालेली पश्चिमेची भिंत ओली होती, आतून कोरडी. विरघळली नाही.

याच आठवड्यात एका दुकानात नवीन सिमेंटबद्दल विचारलं, ते भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घालून करतात, क्लिंकर निम्म्यावर येते, भारतीय मानक २०२३ मध्ये निघालं आहे, आयएस १८१८९. आवारपूर, गडचांदूर, घुग्घुस हे सिमेंटचं माहेर आमच्यापासून दूर नाही, पण दुकानदाराने नाव पण नाही ऐकलं. दरसूचीत आयटम येत नाही तोपर्यंत तो काऊन ठेवेल?

९ जून

अंतिम बिल. लेखा शाखेची हरकत: आयटममध्ये ओपीसी, वापर पीपीसी, फरकाची वसुली करा. मंजुरीचं पत्र दाखवलं. बाबू म्हणाले, "वापरायची मंजुरी आहे मॅडम, दराची कुठं आहे?" त्यांचंही चूक नाही, स्वस्त मालाचे पैसे महाग दराने कसे देणार. पोत्यामागे १२ रुपये, २६२ पोती, ३१४४ रुपये वसूल. याआधीच्या सगळ्या कामांत रजिस्टरमध्ये ओपीसी लिहिलं होतं, तिथे वसुली शून्य.

ठेकेदाराला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी मुनशीले रेघ माराले लावलं नसतं तर?"

१६ जून

उरलेल्या साठेक विटा मदतनीस मावशींनी मागितल्या, पोरांचे हात धुवायला नळाजवळ ओटा करायला. दिल्या, मोजून, सही घेऊन. भिंतीला आतून पिवळा रंग झाला आहे, वर अजून चित्रं नाहीत.

ऑफिसला आली तर टेबलावर आणखी तीन अंगणवाड्यांची यादी. ऑपरेटर पोरानं फाइल उघडली, नाव "अंगणवाडी नवीन फायनल २". वीटकामाच्या आयटमवर ‘किंवा’ तसाच बसलेला, काँक्रीटला ओपीसी ४३. खुर्ची ओढून त्याच्या बाजूला बसली. तो म्हणे, मॅडम यात कायले बदल करता, मंजूर फाइल हाय. मी म्हटलं तू फक्त कर्सर त्या ‘किंवा’वर ने.